चौतीस टक्के कमी

पत्र सोमवारी आलं. वहिनींनी ते आधी तक्रारींच्या गठ्ठ्यात ठेवलं, मग चौकश्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं, आणि कुठेच नीट बसेना तेव्हा टेबलावर तसंच राहू दिलं.

कारखाना तसा लहानच. खाली दोन लेथ, लाकूड वाळवायची खोली आणि पॉलिशचा वास. वर ऑफिस, आणि ऑफिसच्या निम्म्या जागेत एक जुनं पूलचं टेबल. इथे पूल खेळायच्या काठ्या बनत. खेळणारे त्याला क्यू म्हणतात. क्यूचे दोन तुकडे असतात, एकमेकांत फिरवून बसवायचे. मागचा जाड, हातात धरायचा. पुढचा निमुळता, पांढऱ्या बॉलला जाऊन भिडणारा, त्याला शाफ्ट म्हणतात. सगळी करामत शाफ्टची, आणि माहितीपुस्तकातली सगळी विशेषणंही त्याच्याच वाट्याला आलेली.

मालकांना सगळे दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको आपोआप वहिनी झाली. पुढे पोस्टमन आणि छापखान्यातली बाईसुद्धा वहिनी म्हणायला लागली. वहिनींना पूल खेळता येत नसे, पण शुद्धलेखन येत असे. त्यामुळे पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता आणि दरवर्षी निघणाऱ्या माहितीपुस्तकाची प्रुफंही.

पत्र एका निवृत्त गृहस्थांचं होतं. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होते, दुकानांतले तराजू तपासायचे. डॉक्टरांनी काहीतरी छंद लावून घ्या म्हटल्यावर दोन वर्षांपूर्वी पूल खेळायला लागले होते. अक्षर छापल्यासारखं आणि मजकुराला आकडे घातलेले.

'१. आपल्या माहितीपुस्तकाच्या पान सातवर सम्राट या शाफ्टविषयी "चौतीस टक्के कमी विचलन" असे छापले आहे. २. हे चौतीस टक्के कशापेक्षा कमी? ३. चेंडूच्या मध्यापासून किती अंतरावर मारून, किती वेळा मोजले? ४. मोजणाऱ्याचे नाव कळल्यास आनंद होईल. ५. कोणतीही घाई नाही.'

वहिनींना सगळ्यांत जास्त धास्ती पाचव्या मुद्द्याची वाटली. घाई असलेला माणूस कंटाळून नाद सोडतो. हे गृहस्थ वाट पाहणार होते.

त्या पत्र घेऊन दादांकडे गेल्या. दादा टेबलाशी वाकून एकटेच खेळत होते. तरुणपणी ते एका मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचले होते, आणि त्या उपांत्य फेरीतून ते अजून पूर्णपणे घरी आलेले नव्हते.

"अहो, हे विचलन म्हणजे नक्की काय?"

असा प्रश्न दादांना कुणी विचारला की त्यांची उंची दोन बोटं वाढायची. "ये, इकडे ये. हा पांढरा बॉल. याला बरोबर मधोमध मारलं की सरळ जातो. पण फिरकी द्यायची तर बाजूला मारावं लागतं. उजवीकडे मारलं की बॉल थोडासा डावीकडे सरकून निघतो. नेम धरलाय एकीकडे आणि स्वारी निघाली भलतीकडे. ते विचलन. शाफ्ट जितका चांगला, तितकं ते कमी."

"आणि आपल्या सम्राटचं चौतीस टक्के कमी."

"चौतीस टक्के कमी," दादा म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

"कशापेक्षा?"

दादांचा क्यू हवेतच थांबला. "म्हणजे काय कशापेक्षा? कमी म्हणजे कमी."

"या गृहस्थांनी विचारलंय. कधी मोजलं, कुणी मोजलं."

"चाचणी केली होती गं. फाईल असेल बघ कपाटात."

फाईल होती. तिच्यावर दादांच्याच ठसठशीत अक्षरात 'चाचणी' असं लिहिलेलं होतं. आत एका पंख्याचं गॅरंटी कार्ड आणि कारखान्याच्या गटाराचा नकाशा निघाला.

वहिनी खाली मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री बावीस वर्षं त्याच लेथपाशी उभे होते. दिवसभरात मोजून दहा-बारा वाक्यं बोलत, त्यांतली निम्मी लाकडाशी.

"मिस्त्री, सम्राटची चाचणी झाली होती का कधी?"

मिस्त्रींनी शाफ्टवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिला, परत लावला. "मला आकड्यांतलं कळत नाही वहिनी." मग बऱ्याच वेळानं, वहिनी जिन्याशी पोचल्यावर, "पण झाली असती तर मला दिसली असती. मी इथून कुठे हललोय?"

राहता राहिला छापखाना. तिथल्या बाईंनी फोनवर क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"वहिनी, सम्राट पहिल्यांदा आला ना, तेव्हा मी मसुद्यात चौकट रिकामी सोडली होती. दादांना फोन केला. ते म्हणाले, पन्नास घालू नका, पन्नास खोटं वाटतं. मी म्हटलं, तीस घालू? तर म्हणाले, गोल आकडा नको, अंदाजे ठोकल्यासारखा दिसतो. चौतीस घाला. मोजल्यासारखं वाटतं."

वहिनींनी फोन ठेवला आणि कपाटातून जुनी माहितीपुस्तकं काढली. अकरा वर्षांची अकरा. प्रत्येकात पान सात, आणि प्रत्येक पानाचं प्रूफ त्यांनी स्वतः तपासलेलं. चौतीसमधला औकार नीट आहे ना, तीमधली वेलांटी दीर्घ आहे ना, हे त्यांनी दरवर्षी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. एका वर्षी छापखान्यानं 'चौतिस' केलं होतं, तर त्यावर केवढं बोलल्या होत्या त्या. आकड्याकडे मात्र एकदाही बघितलं नव्हतं. दादांचं त्यांना नवल वाटलं नाही. दादा दादा होते. वाईट वाटलं ते स्वतःचं.

दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. छापखान्यातल्या बाईंनी सांगितलेलं दादांनी काही नाकारलं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर जुनी आठवण निघाल्याचा आनंदच दिसला.

"अगं, सगळेच लिहितात. तो पुलापलीकडचा कारखाना बघ, चाळीस लिहितो. त्यानं तरी कुठे मोजलंय? त्याच्यापुढे आपण चौतीसच लिहिले. प्रामाणिकपणाच झाला की तो."

"आणि सरदारचं? त्या दुसऱ्या शाफ्टला तुम्ही वीस दिलेत."

"सरदार सम्राटच्या निम्म्या किमतीचा आहे. त्याला वीसच शोभतात."

वहिनींनी ताटाकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. दादांशी वाद घालून जिंकता येत नसे, पण दादांना न विचारता केलेली गोष्ट त्यांना सहसा आवडून जाई. जेवण झाल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला.

'आपल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याचे उत्तर आमच्याकडे नाही,' त्यांनी लिहिलं. 'आम्ही कधी मोजलेले नाही. आता मोजावे असे वाटते, पण कसे ते ठाऊक नाही. आपण येऊ शकाल का?' आणि पत्र स्वतःच जाऊन टाकून आल्या.

गृहस्थ पुढच्या गुरुवारी दहाच्या ठोक्याला दारात हजर. चणीनं बारीक, शर्टाची सगळी बटणं लावलेली, हातात कॅनव्हासची पिशवी. पहिला चहा होईपर्यंत कारखान्यात त्यांचं नाव काटेसाहेब पडलं होतं, आणि दुसऱ्या चहाला ते त्या नावाला ओ देऊ लागले होते.

दादांचा समज झाला की हे दूरच्या गावचे कोणी मोठे दुकानदार. वहिनींनी तो समज लगेच दूर केला नाही. दादांनी काटेसाहेबांना खुर्ची दिली, सम्राट काढून हातात ठेवला, त्यावरच्या तीन काळ्या कड्या दाखवल्या आणि आवाज खाली आणून, खास आतली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "चौतीस टक्के कमी विचलन."

"हो," काटेसाहेब नम्रपणे म्हणाले. "मी त्यासाठीच आलोय."

मग वहिनींनी ओळख करून दिली. दादांनी सम्राट परत स्वतःच्या हातात घेतला, पण पाहुणा घरात आलेला होता आणि बिस्किटं पुढे केलेली होती. माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

काटेसाहेबांच्या पिशवीतून पोलादी पट्टी, कार्बन पेपर, पांढरे कागद आणि एक छोटा ओळंबा निघाला. हातानं मारून उपयोग नाही, ते म्हणाले, कारण हात लबाड असतो, एकदा जोरात मारतो, एकदा हळू. काहीतरी झुलतं पाहिजे. मिस्त्रींनी मान हलवली. शनिवारपर्यंत त्यांनी पूलच्या टेबलावर तुळईपासून चार सायकलच्या तारा सोडून त्यांत क्यू आडवा टांगला होता. मागे ठरावीक खुणेपर्यंत ओढायचा आणि सोडायचा, की प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात पुढे यायचा. बॉल ठेवायला टेबलावर बारीक खूण. टोक बॉलच्या मध्यापासून बारा मिलिमीटर उजवीकडे लागेल अशी बैठक. सव्वा मीटरवर एक उभी फळी, तिच्यावर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन. बॉल आपटला की कागदावर निळा ठिपका. सरळ रेषेपासून ठिपका किती लांब, तेवढं विचलन.

"पाळणा केलाय पाळणा," दादा जाता जाता म्हणाले. "आता अंगाई म्हणा म्हणजे झालं."

पण गेले नाहीत. दिवसभर ऑफिसात त्यांना काही ना काही काम निघत राहिलं, आणि प्रत्येक कामासाठी पाळण्याच्या बाजूनंच जावं लागत होतं.

प्रत्येक शाफ्टचे वीस फटके. मिस्त्री क्यू सोडायचे, काटेसाहेब पट्टी लावून आकडा सांगायचे, वहिनी लिहून घ्यायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांत स्वस्त शाफ्ट झाला. त्याला काही पदवीही नव्हती, माहितीपुस्तकात नुसता 'साधा' म्हणून शेवटच्या पानावर बसलेला. त्याचे वीस ठिपके सरासरी सत्तेचाळीस मिलिमीटरवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार झाला. चाळीस.

सम्राटच्या वेळी दादा उघडच येऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. वीस ठिपके पडले. काटेसाहेबांनी वीस आकडे सांगितले, वहिनींनी बेरीज केली, भागाकार केला, आणि परत केला.

"किती?" दादांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"म्हणजे सरदारपेक्षा..."

"एक मिलिमीटर जास्त," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खुशी नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना अशा बातम्या दिल्या होत्या, आणि त्या हळू आवाजात द्यायची सवय लावून घेतली होती. "पण एका मिलिमीटरला अर्थ नाही. पुन्हा मोजलं तर उलटही येईल. दोघं सारखेच धरायचे. साध्यापेक्षा साधारण तेरा टक्के कमी."

"तेरा," दादा म्हणाले.

"तेराही वाईट नाही हो," वहिनी म्हणाल्या.

"सरदार आणि सम्राट सारखे?" दादांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "सारखे कसे असतील?"

मिस्त्रींनी जमिनीकडे पाहिलं. "एकाच लाकडाचे, एकाच मापाचे. सम्राटला कड्या घालतो."

खाली कुणीतरी लेथ सुरू केला आणि बंद केला. मग मिस्त्री जिना उतरून गेले. वहिनींना वाटलं, बिचारे अवघडून गेले असतील. पण पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक शाफ्ट होता. ना कड्या, ना नाव, नीटसं पॉलिशही नाही. लाकडाच्या फळ्यांमागून काढल्याचं धुळीवरून कळत होतं.

"हाही लावून बघू का?"

दादांनी तो लगेच ओळखला. "हा तोच ना? आठ वर्षांपूर्वीचा?"

"तोच."

"याच्यात काय वेगळं आहे?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. मग टोकावर बोट ठेवून समजावलं, "म्हणजे तेच आहे. आत काही नाही. टोकापासून वीतभर पोकळ केलाय. टोक हलकं असलं की बॉलला कमी ढकलतं, असं मला वाटलं होतं."

"पोकळ माल मी माझ्या नावावर विकणार नाही, असं मी तेव्हा सांगितलं होतं," दादा काटेसाहेबांना म्हणाले.

वहिनींच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

वीस फटके झाले. काटेसाहेबांनी या खेपेला दोनदा मोजलं, मग मिस्त्रींना पुन्हा दहा फटके सोडायला लावले, आणि तेही मोजले. तेहेतीस मिलिमीटर.

दादा फळीपाशी जाऊन निळे ठिपके जवळून बघून आले. "म्हणजे साध्यापेक्षा किती टक्के?"

"एकोणतीस पूर्णांक आठ. तीस धरा."

"बघा," दादांचा चेहरा अकरा वर्षांनी न्याय मिळाल्यासारखा उजळला. "म्हणजे जवळजवळ चौतीसच की."

काटेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "दादा, दुकानातल्या काट्याला मी हात लावला की दुकानदार पहिला शब्द बोलायचा तो 'जवळजवळ'. तो शब्द ऐकला की मी काटा जप्त करायचं सील बाहेर काढून ठेवत असे."

हा विनोद होता की धमकी, हे दादांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी भिंतीवरचा क्यू घेतला, त्याला मिस्त्रींचा शाफ्ट फिरवून बसवला आणि म्हणाले, "आकडे राहू देत. खेळून बघू. या, एक डाव होऊन जाऊ दे."

पाळणा सोडवून बाजूला घेतला. काटेसाहेबांनी स्वतःचा क्यू पिशवीसारखाच व्यवस्थित जुळवला. ते खेळाडू यथातथाच होते. प्रत्येक फटक्याआधी इतका वेळ घ्यायचे की वहिनींचं एक पाकीट लिहून व्हायचं. पण मारला बॉल बहुतेक वेळा टेबलाच्या कडेच्या खिशात जायचा, कारण ते फक्त सोपे बॉल मारायचे आणि तेही मधोमध.

दादांना सोपं मारायची सवय नव्हती. त्यांनी उजवी फिरकी देऊन झोकदार फटका मारला. चुकला, खिशाच्या उजव्या कडेला लागून परत. डावी फिरकी दिली, तो डाव्या कडेला. मग पुन्हा उजवीकडे. दहा मिनिटांत दादांचे सात फटके हुकले आणि प्रत्येक फटका बोटभरानं. माणूस कधीकधी चुकतो, पण दादा कर्मचाऱ्यांसमोर आणि पाहुण्यासमोर चुकत होते, तेही बायको पाकिटं लिहितालिहिता बघत असताना.

"शाफ्ट वाकडा आहे," दादा म्हणाले. "मी आठ वर्षांपूर्वीच म्हटलं होतं. तीन फटक्यांत ओळखलं होतं मी. परत घेऊन जा म्हटलं होतं."

"वाकडा नाही दादा," मिस्त्री म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, कारण मिस्त्री पुढेही बोलत राहिले. बावीस वर्षांत इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

"वाकडा असता तर एकाच बाजूला गेला असता. तुमचा ज्या बाजूची फिरकी द्याल त्या बाजूला जातोय. तुम्ही तीस वर्षं जुन्या शाफ्टनं खेळलात. बॉल सरकणार हे तुमच्या हाताला माहीत आहे, म्हणून हात आधीच तेवढा नेम बाजूला धरतो. तुम्हाला कळतही नाही. आता बॉल तितका सरकत नाही, आणि हात मात्र जुनाच नेम धरतोय. तुम्ही चुकत नाही आहात. तुम्ही फार बरोबर खेळताय, दुसऱ्या शाफ्टसाठी."

एवढं बोलून त्यांना स्वतःलाच संकोच वाटला असावा, कारण ते लगेच तारांच्या गाठी सोडवायला लागले.

दादा टेबलाच्या कडेवर टेकले. त्यांनी शाफ्ट डोळ्यापाशी धरून लांबीत पाहिला. तो सरळ होता, सुतासारखा सरळ. वहिनींनी पाकीट बाजूला ठेवलं. त्यांना आता दादांची गंमत वाटेनाशी झाली होती.

"मग तेव्हा का नाही बोललात?" दादांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "आणि मलाही नुसतं वाटत होतं. मोजलं कुठे होतं?"

त्या संध्याकाळी घरी दादा न सांगताच कपबश्या पुसायला उभे राहिले. भांडी आवरताना वहिनींनीच विचारलं, "कसला विचार चाललाय?"

"तीन फटके," दादा म्हणाले. "तीन फटके मारून मी त्याचं काम परत पाठवलं. वर हसलोही होतो बहुतेक."

"बहुतेक नाही. मी वरून ऐकलं होतं."

"तूही ना."

"मी काय? मी तर अकरा वर्षं चौतीसमधल्या वेलांट्या तपासत बसले होते. आपण दोघंही सारखेच. एक मिलिमीटरचा फरक, त्याला अर्थ नाही."

दादांना हसू आलं. हसता हसता त्यांनी कपबशी फडक्यानं पुसली, जी आधीच पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली उतरले आणि लेथपाशी गेले. माफी वगैरे शब्द दादांच्या तोंडात बसत नसत. ते म्हणाले, "मिस्त्री, तसला एक शाफ्ट माझ्यासाठी करा."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हाताची सवय मोडायला तीन आठवडे जातील."

"जाऊ देत. लाकूड जरा चांगलं घ्या."

"तेच लाकूड आहे दादा. सगळ्यांना तेच."

मग नव्या माहितीपुस्तकाच्या पान सातचं काम निघालं, आणि घरात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. वहिनींनी मसुदा लिहिला. साध्याचे सत्तेचाळीस मिलिमीटर, सरदारचे चाळीस, सम्राटचे एक्केचाळीस, नव्या पोकळ शाफ्टचे तेहेतीस. खाली मोजायची रीत, अंतर, फटक्यांची संख्या, आणि मोजणाऱ्यांत तिघांचीही नावं. त्याखाली: 'सरदार आणि सम्राट यांच्यात मोजता येण्याजोगा फरक नाही. सम्राटवर तीन काळ्या कड्या आहेत.' आणि शेवटी: 'पोकळ शाफ्टचा आवाज थोडा बसका येतो. जुन्या शाफ्टची सवय असलेल्यांचे पहिले तीन आठवडे वाईट जातात.'

दादांनी ते कपाळाला हात लावून वाचलं. "वाईट जातात असं कोण लिहितं जाहिरातीत?"

"तुमचे गेले नाहीत का?"

"माझे अजून जातायत." त्यांनी पुन्हा वाचलं. "निदान कड्यांबद्दल तरी काही चांगलं लिही गं. एक शब्द. एक विशेषण तरी मिळू दे मला."

वहिनींनी विचार केला आणि 'तीन'च्या पुढे 'सुबक' घातलं. दादांनी तो शब्द बोटानं झाकून पाहिला, उघडून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

पोकळ शाफ्टला नाव काय द्यायचं यावरही बोलणं झालं. दादांना 'चक्रवर्ती' हवं होतं. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, नाव नको, पोकळ म्हणा, लोकांना कळेल. शेवटी तेच राहिलं.

माहितीपुस्तक गेलं आणि आठवडाभरात फोन यायला लागले. एका दुकानदारानं वहिनींना चांगलंच फैलावर घेतलं. त्याच्या भिंतीवर चौदा सम्राट टांगलेले होते आणि आता गिऱ्हाइकं पान सातवर बोट ठेवून सरदार मागत होती. वहिनींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चौदाही परत घेतो म्हणाल्या, आणि घेतले. पोकळच्या मागण्या हळूहळू आल्या. आधी दोन, मग पाच, मग एका क्लबानं एकदम बारा मागवले आणि सोबत निळ्या ठिपक्यांचे कागद पाहायला मिळतील का असंही विचारलं. वहिनींनी ते पाठवून दिले.

परत आलेले चौदा सम्राट मात्र ऑफिसात पडून राहिले. महिनाभरानं शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा हॉल काढणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पान सात नीट वाचलेलं होतं. म्हणाल्या, फरक नाही हे कळलं, पण कड्या खरंच सुबक आहेत, माझ्या भिंतींना शोभतील. चौदाही घेऊन गेल्या. दादा दोन दिवस तो शब्द येताजाता म्हणत होते.

काटेसाहेब आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायचे. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी नको म्हणत नव्हतं. लाकडाचा नवा माल आला की त्यातले पाच शाफ्ट पाळण्यात घालायचे, अशी त्यांची आणि मिस्त्रींची पद्धत पडून गेली होती. दोघं तासन्‌तास एकत्र असायचे आणि आकड्यांपलीकडे एक शब्द बोलायचे नाहीत. त्यातच दोघांची मोठी मैत्री होती.

तशाच एका गुरुवारी नव्या मालातले पोकळ छत्तीसवर आले. काटेसाहेबांनी पुन्हा मोजले. छत्तीसच. लाकूड थोडं जड आहे, मिस्त्री म्हणाले, त्याला काही करता येणार नाही. आणि छापखान्यात पुढच्या माहितीपुस्तकाचं पान सात 'तेहेतीस' घेऊन आदल्याच दिवशी गेलं होतं.

वहिनी कागद घेऊन वर गेल्या. दादा नव्या शाफ्टनं एकटेच सराव करत होते. वहिनींनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, दादा काय म्हणतील आणि त्यावर आपण काय म्हणायचं ते.

"अहो, नवा माल छत्तीस येतोय."

दादांनी नेम धरला होता. तो न मोडता ते म्हणाले, "मग तेहेतीस ते छत्तीस छाप. लाकूड आहे ते, एका आकड्यात कसं बसेल? छापखान्याला मी फोन करू का तू करतेस?"

वहिनींचं जुळवलेलं सगळं वाया गेलं. "मी करते," त्या म्हणाल्या.

दादांनी उजवी फिरकी देऊन फटका मारला. बॉल खिशाच्या कडेला लागला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि मागे फिरला. दादांनी सरळ होऊन टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काटेसाहेब वर येतायत का बघ जरा," ते म्हणाले. "येत असतील तर हा फटका लिहून घेऊ नका म्हणावं."